सुतकातला रोबोट

५ मे, शुक्रवार. नशिराबाद. सकाळी अकरा

नाना गेला. काल संध्याकाळी सहाला, खाटेवर बसल्या बसल्या. सकाळी आठला सगळं आटोपलं. माझा मोठा भाऊ, वय अडुसष्ट. मी तेरा दिवस इथेच राहणार आहे.

मी शांत आहे. टेक्निकल माणूस शांतच असतो.

ही डायरी नानाचीच. तारेच्या कुठल्याशा कंपनीने दुकानदारांना फुकट वाटलेली. तीन तारखेपर्यंत त्याचं अक्षर आहे: कोणाची मोटार, किती एचपी, बेअरिंग की वाइंडिंग. पाच तारखेपासून माझं. पुढची पानं वाया कशाला घालवायची? चार तारखेचं पान कोरं आहे. मी मुद्दाम पाहिलं नाही, उलटताना दिसलं.

फोनबद्दल एकदाच लिहून टाकतो, म्हणजे विषय संपेल. काल दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी नानाचे लागोपाठ तीन मिस्ड कॉल. चार वर्षांत पहिलेच. भुसावळच्या घरी फोन बेडरूममध्ये होता आणि मी हॉलमध्ये, त्यामुळे कळलं नाही. सौ. म्हणते तिला स्वयंपाकघरात आवाज आला. स्वयंपाकघरात कुकर लावलेला होता. विषय संपला.

६ मे, शनिवार. दुपारी तीन

दारावर माणसं येताहेत. आमच्याकडे कोणी गेलं की बाहेर मंडप टाकून घरचे पुरुष बसतात, आणि गावोगावचे लोक येऊन पाच-दहा मिनिटं बसून जातात. येणारा प्रत्येक जण आपापल्या मोटारीची आठवण काढतो. नानाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. केळीच्या बागेतली मोटार जळाली की लोक इथे आणायचे, नाना त्यात नवी तार भरून द्यायचा. चाळीस वर्षं. फैजपूरचे एक म्हातारे नानाचं नाव घेऊन म्हणाले, चुडामणभाऊनं भरलेली मोटर मी मरेपर्यंत चालीन. मग त्यांच्या लक्षात आलं की नानाच आधी गेला, आणि ते रडायला लागले.

एकाने मला विचारलं, तुम्ही पण याच लाईनीतले का भो? हो म्हणालो. भुसावळला रेल्वेच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढली. कारखान्यात नेमकं कुठे, हे त्याने विचारलं नाही. स्टोअर हा कारखान्याचा कणा असतो. नट-बोल्ट दिल्याशिवाय इंजिन बाहेर पडत नाही.

नाना आणि माझ्यात अबोला होता असं सौ. लोकांना सांगते आहे. अबोला नव्हता. संपर्क कमी होता. चार वर्षांपूर्वी मोहिनीच्या, म्हणजे नानाच्या मुलीच्या लग्नात, जनरेटर खोकत होता. मी मदत म्हणून हात घातला आणि मंडपात अंधार झाला. नाना आला, दोन मिनिटांत चालू केलं आणि सगळ्या व्याह्यांसमोर म्हणाला, लीलाधरनं बोल्ट मोजावे, बाकीचं आपुन पाहू. सगळे हसले. मीही हसलो. त्यानंतर वेळच मिळाला नाही.

७ मे, रविवार. सकाळी नऊ

नवी जबाबदारी. नानाच्या मुलाची, हितेंद्रची, दोन मुलं आहेत. डिंपल अकरा वर्षांची, कुंदन सात वर्षांचा. उन्हाळ्याची सुट्टी, सुतकामुळे टीव्ही बंद, मोबाईल अक्काने काढून घेतलेले. (अक्का आमची थोरली बहीण, यावलला दिलेली. तिच्यापुढे कोणाचं चालत नाही.) काल बाहेर माणसं डोळे पुसत असताना आत दोघांनी उशांची मारामारी केली. हितेंद्र म्हणाला, काका, दहा दिवस यांना काहीतरी लावून ठेवा.

मी लगेच म्हणालो, रोबोट बनवू.

व्हॉट्सॅपवर व्हिडिओ आला होता. टूथब्रशचं डोकं कापायचं, त्यावर छोटी मोटर आणि सेल चिकटवायचा. मोटर थरथरते आणि ब्रश आपल्या केसांवर चालायला लागतो. घरातल्या वस्तूंतून. पाच वर्षांचं पोर बनवतं असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे मला तासभर पुरे. उद्या दुपारपर्यंत रोबोट क्रमांक एक, परवा दोन आणि तीन. गंधमुक्तीच्या दिवशी, तेराव्याला, नातेवाइकांसमोर छोटंसं प्रात्यक्षिकही ठेवता येईल. लोकांना कळेल की या घरातली टेक्निकल परंपरा संपलेली नाही.

कुंदनने विचारलं, नानांना येत होता का रोबोट? मी म्हणालो, नानाचं काम मोठ्या मोटारींचं होतं. हे सूक्ष्म काम आहे.

८ मे, सोमवार. सायंकाळी सहा

साहित्य जमलं. नवा ब्रश. कुंदनच्या मोडक्या गाडीतली मोटर. टीव्ही बंदच आहे, म्हणून त्याच्या रिमोटमधला सेल. तार नानाच्या दुकानातून. लाल-तपकिरी तांब्याची, चकचकीत, रिळावर गुंडाळलेली. डब्यांवर नानाच्या अक्षरात नंबर आहेत.

दुकानात फार वेळ थांबलो नाही. उकडत होतं. नानाची चप्पल टेबलाखाली जोडीने ठेवलेली आहे, आणि स्टूल असं वळवलेलं आहे की माणूस आत्ता पाणी प्यायला उठून गेलाय असं वाटावं. कोणीतरी ते सरळ करायला पाहिजे. मी केलं नाही, माझं घर नाही.

रोबोट चालला नाही. मोटर फिरलीच नाही. सेल बदलला. मोटर बदलली. तार दोनदा जोडली, तिसऱ्यांदा पीळ मारून जोडली. मुलांना सांगितलं की बाजारातल्या मालाचा दर्जा घसरला आहे, आणि उन्हाचाही परिणाम असतो. बेचाळीस डिग्रीत इलेक्ट्रॉन सुस्तावतात.

हे वाक्य बोलल्यावर मला वाटलं मागे कोणीतरी नाकातून हसलं. नाना तसा हसायचा. मागे कूलर होता.

९ मे, मंगळवार. दुपारी एक

डिंपलने विचारलं, आबा, तुम्ही तारेची टोकं खरवडली का?

मी म्हणालो, कशाला?

ती म्हणाली, या तारेवर वार्निश असतं. दिसत नाही, पण असतं. त्याच्यातून करंट जातच नाही. नाना टोक ब्लेडने खरवडायचे आणि मग मला चमक दाखवायचे. मी रोज दुपारी त्यांच्याजवळ बसायची ना.

खरवडलं. चमक आली. जोडलं. मोटर लगेच फिरली.

मी सांगितलं, शाब्बास, तुझी परीक्षा घेत होतो. तिने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे नानासारखे आहेत. समोरचा माणूस खोटं बोलतोय हे कळलं तरी नाना डोळे असेच शांत ठेवायचा.

मोटर फिरते, पण ब्रश जागचा हलत नाही. उद्या पाहू. पहिली पायरी पार पडली, हे महत्त्वाचं.

फोनच्या बाबतीत थोडी दुरुस्ती. फोन बेडरूममध्ये नव्हता, माझ्याजवळ टीपॉयवर होता. पण मी गाढ झोपलो होतो. दोन्हींचा अर्थ एकच.

१० मे, बुधवार. सायंकाळी पाच

थरथर येत नाही. मोटरच्या दांड्यावर मी एक छोटा नट बसवला, अगदी मधोमध. चौतीस वर्षांचा हात आहे, नट एक केसभरही इकडेतिकडे नाही. मोटर इतकी गुळगुळीत फिरते की ब्रशला पत्ताच लागत नाही.

मुलांना कंटाळा आला. कुंदन म्हणाला, नाना असते तर झाला असता. मी म्हणालो, नाना असता तर सुतक नसतं, आणि सुतक नसतं तर आपण रोबोट बनवलाच नसता. बिनतोड उत्तर होतं. पण तो रडायला लागला. मग डिंपलही. मग आतून लतावहिनी आल्या. नानाची बायको, पाच दिवस त्या कोपऱ्यातून उठल्या नव्हत्या. त्यांनी दोघांना जवळ घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

नंतर डिंपलने नाक पुसत सांगितलं, आबा, मोटर थरथरायला वजन एका बाजूला पाहिजे. नानांकडे थरथरणारी मोटार आली की ते म्हणायचे, हिचा तोल एका अंगाला गेला, आता ही बेअरिंग खाईन.

म्हणजे ज्या खोडीसाठी लोक आयुष्यभर नानाकडे आले, ती आम्ही मुद्दाम लावायची. नट काढून खोडरबराचा तुकडा दांड्यावर तिरका खुपसला. मोटर घुर्र करून अशी थरथरली की माझ्या हातातून पडली.

तो आवाज मला आवडला नाही. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, पण मला आवडला नाही. फरशीवर ठेवल्यावर घुर्र, थांब, घुर्र. मी बंद करायला सांगितलं. म्हणालो सेल वाचवा.

११ मे, गुरुवार. सकाळी अकरा

चालला!

पण सगळं लिहिलं पाहिजे. नव्या ब्रशवर रोबोट फक्त जागच्या जागी थरथरत होता. ब्रशचे केस सगळे एका बाजूला झुकलेले लागतात, तरच तो पुढे ढकलला जातो. हे माझ्या लक्षात आलंच असतं. तेवढ्यात कुंदन बाथरूममधून एक जुना निळा ब्रश घेऊन आला. त्याचे केस एकाच बाजूला चेपलेले, जसे पाहिजेत तसे. मी पकडीने डोकं कापलं, मोटर बांधून एम-सीलने पक्की केली, जमिनीवर सोडला. रोबोट सरळ चालत निघाला, थोडा डावीकडे कलून. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मग मी विचारलं, हा ब्रश कोणाचा?

कुंदन म्हणाला, नानांचा.

नाना ब्रश घासायचा तो एकाच बाजूने, जोर लावून. वहिनींनी तो अजून कपातून काढला नव्हता.

मी आरोग्याच्या कारणावरून आक्षेप घेतला. अक्काने धर्माच्या कारणावरून घेतला. म्हणाली, गेलेल्या माणसाचं दातवण जमिनीवर पळवता, काही लाज हाये का तुमाले. पण वहिनी कोपऱ्यातून म्हणाल्या, राहू द्या अक्का. इकडी आन रे कुंदन.

कुंदनने रोबोट त्यांच्यासमोर सोडला. त्या फरशीवर बघत राहिल्या. तो त्यांच्या पायाशी गेला, पदराला अडकला आणि तिथेच घुरघुरत राहिला. वहिनींनी त्याला हात लावला नाही आणि पदरही सोडवला नाही. सेल संपेपर्यंत आम्ही सगळे तिथेच बसलो. बाहेर दारावर दोन गाड्या येऊन थांबल्या तरी कोणी उठलं नाही.

मी डोळे पुसले नाहीत. एम-सीलचा वास झोंबतो.

१२ मे, शुक्रवार. दुपारी चार

वर्कशॉप बंद. माझा निर्णय.

कारण: मी मुलांना सोप्या भाषेत समजावत होतो की चाकं नसताना केवळ थरथरण्याने पुढे सरकणारी वस्तू हा नवा शोध आहे. डिंपल म्हणाली, नवा कुठला? फोन व्हायब्रेटवर असला की टेबलावर असाच सरकतो. आबा, तुमचा नाही सरकत?

मी म्हणालो पसारा आवरा. आवाज जरा चढला. हितेंद्र बाहेरून बघून गेला.

रोबोट मी जप्त केला आहे. बंडीच्या खिशात आहे. डिंपलने नवा सेल घालताना खोडरबर फार घट्ट बसवलं आहे आणि तारेचा एक जोड ढिला आहे, त्यामुळे तो मधूनच आपोआप थरथरतो. जेवताना थरथरला. एकदम छातीवर. माझ्या हातातून भाकरी पडली. अक्का म्हणाली, काय झालं? मी म्हणालो, फोन. अक्का म्हणाली, मंग उचल की.

उचलला नाही. फोन नव्हताच तो.

त्या दिवशी मी गाढ झोपलो होतो असं वर लिहिलं आहे. गाढ हा शब्द चुकीचा आहे. नुसता डोळा लागला होता.

१३ मे, शनिवार. दुपारी दोन

दहावा. वाघूर नदीच्या काठी. हितेंद्रने डोकं केलं, मीही केलं. मिशी ठेवता येईल का असं न्हाव्याला विचारलं, त्याने सरळ वस्तरा फिरवला. आरशातला माणूस नानासारखा दिसतो. नाना उन्हाळ्यात मिशी काढायचा.

मी तयारीत होतो. पिंडाला कावळा शिवला नाही की गुरुजी म्हणतात, ज्याच्याबद्दल काही मनात राहिलं असेल त्याने पुढे येऊन शब्द द्यावा. माझं वाक्य पाठ होतं. नाना, तुझ्या नातवंडांच्या टेक्निकल शिक्षणाची जबाबदारी माझी. मी या गोष्टी मानत नाही, पण लोक मानतात. शिवाय सगळ्यांसमोर मलाच पुढे यावं लागणार, हे मला दिसत होतं.

गुरुजी बाजूला झाले न झाले तोच कावळा आला आणि पिंड घेऊन गेला. अर्ध्या मिनिटात. लोक म्हणाले, केवढा समाधानी माणूस. कशातच जीव अडकला नव्हता.

मी उभाच. वाक्य तोंडात तसंच राहिलं.

कशातच नाही? मग तीन फोन कशाला केले होते?

कावळा हा पक्षी आहे. त्याला भूक लागली होती. मी त्याचं मनावर घेतलेलं नाही.

त्याच दिवशी. सायंकाळी सात

आज दहाव्याची रात्र, म्हणून पिठाचा कार्यक्रम. जिथे माणूस गेला त्या जागेवर अक्काने बारीक चाळणीने ज्वारीचं पीठ चाळलं, हाताने एकसारखं केलं, शेजारी दिवा ठेवला आणि पिठावर मोठं टोपलं पालथं घातलं. पहाटे टोपलं उचलायचं. पिठावर जे पाऊल उमटेल, तो जन्म गेलेल्या माणसाला मिळाला. अक्का यातली जाणकार समजली जाते. आमच्या वडिलांच्या वेळी तिने बैलाचा खूर पाहिला होता. तो मांजराने ओढलेला टोपल्याचा काठ होता असं नाना म्हणायचा, पण तिच्यासमोर नाही.

वहिनींनी अक्काला विचारलं, उमटीनच ना काहीतरी? अक्का म्हणाली, उमटते व माय. जो निरोप न घेता गेला त्याचं तं हमखास उमटते.

अंधश्रद्धा. मुलांना मी तसं स्पष्ट सांगितलं. माझी गादी त्याच खोलीत आहे, टोपल्यापासून चार हातांवर. हा योगायोग आहे. इथे पंख्याचं वारं बरं लागतं.

१४ मे, रविवार. सकाळी साडेसात

जे झालं ते शास्त्रीय भाषेत लिहितो.

पहाटे पावणेपाचला मला जाग आली. पाणी प्यायला उठलो. माठ स्वयंपाकघरात असतो, पण मी टोपल्यापाशी होतो. निरीक्षणासाठी काठ थोडासा उचलला.

पीठ कोरं होतं. अक्काच्या हाताने सारखं केलेलं, जसंच्या तसं. मुंगीसुद्धा चालून गेली नव्हती. मी दिवा जवळ नेऊन पाहिलं. काही नाही. चार तारखेच्या पानासारखं कोरं.

मला वाईट वाटलं ते वहिनींसाठी. त्या बाईने दहा दिवस धड खाल्लं नाही. सहा वाजता टोपलं उचलणार आणि खाली काहीच नसणार. हे मला बघवलं नसतं. केवळ या एका कारणाने मी खिशातून रोबोट काढला, तारेचं टोक जोडलं आणि त्याला पिठावर सोडला. आवाज दबावा म्हणून टोपलं परत पालथं घातलं आणि वरून गोधडी टाकली. आत घुर्र, थांब, घुर्र. मी बाहेर टोपल्यावर दोन्ही हात ठेवून बसलो. किती वेळ ते माहीत नाही. मी काहीतरी बोलत होतो असं मला अंधुक आठवतं. बहुधा थर्मोडायनॅमिक्सबद्दल.

मग रोबोट काढून घेतला आणि गादीवर पडलो.

सहाला अक्काने टोपलं उचललं. सगळे वाकले. पिठावर बारीक टोचल्यासारखी एक पट्टी, सुरुवातीला गोल फिरलेली, मग एका बाजूला सरळ गेलेली. शेजारचे लोटनभाऊ म्हणाले, गोम. अक्का त्यांच्यावर इतकी ओरडली की ते घरी गेले. एक बाई हळूच म्हणाली, साळींदर. अक्का गुडघ्यावर बसून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, हे पाऊल नही. ही वाट हाये. आधी इथीच घुटमळला, जाऊ का नको जाऊ, आन मंग निंघला.

वहिनी मोठ्याने रडल्या. दहा दिवसांत पहिल्यांदा. बायका म्हणाल्या, बरं झालं, मोकळी झाली.

मी सहज म्हणून विचारलं, अक्का, वाट कोणत्या दिशेला गेली?

अक्काने पीठ पाहिलं, खोली पाहिली. म्हणाली, तुह्या गादीकडे.

मी अंगणात जाऊन आलो. आता बरं वाटतं आहे.

त्याच दिवशी. दुपारी बारा

शांतपणे विचार केला. रोबोट मी सोडला, हे मान्य. पण तो कुठे जाईल हे मी ठरवलं नव्हतं. हा रोबोट चालायला लागल्यापासून डावीकडेच वळतो आहे, मुलं साक्षीदार आहेत. माझी गादी उजवीकडे आहे. आज तो उजवीकडे का वळला? विज्ञानाकडे याचं उत्तर नाही. शिवाय ब्रश त्याचा. तार त्याची. टोकं खरवडायला शिकवलं त्याने, तोल एका अंगाला न्यायचा हेही त्याचंच. माझं त्यात जवळजवळ काहीच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा हे लिहिताना आनंद होतो आहे.

नाना माझ्याकडेच निघाला होता. आधी घुटमळला, कारण चार वर्षं झाली होती. मग निघाला. म्हणजे राग नव्हता. म्हणजे ते तीन फोनही यासाठीच होते.

सगळं जुळतं.

१५ मे, सोमवार. सकाळी दहा

डिंपलने माझी बंडी धुवायला घेतली होती. खिशात रोबोट सापडला. ती तो घेऊन माठाशेजारी बसली आणि सेफ्टी पिनने ब्रशच्या केसांतलं पीठ काढत होती. बारीक ज्वारीचं पीठ. मी बघतोय हे तिला कळलं.

ती म्हणाली, मी कोणाला नाही सांगणार.

मी म्हणालो, काय?

तिने काम चालूच ठेवलं. मग विचारलं, आबा, तुम्ही टोपल्यापाशी नानांना काय विचारत होता? मला जाग आली होती. तुम्ही सारखं एकच विचारत होता.

मी म्हणालो, तुला स्वप्न पडलं असेल. ती म्हणाली, हो, पडलं असेल. अकरा वर्षांच्या मुलीने इतकं समजूतदार असू नये. मला ते सोसत नाही.

उद्या गंधमुक्ती. प्रात्यक्षिक रद्द. त्याऐवजी वहिनींशी नीट बोलायचं. त्यांना सांगायचं की नाना माझ्याकडे आला होता, आमच्यात सगळं मिटलं आहे, त्यांनी ती चिंता सोडावी. आणि त्यांनाही मला काही सांगायचं असणार. त्या दुपारी त्या त्याच्याजवळच होत्या. माझ्यासाठी त्याने काहीतरी मोठं सांगून ठेवलेलं असणार. माणूस उगाच तीनदा फोन लावत नाही. मी तयारीत आहे. रडायचं नाही असं ठरवलं आहे.

१६ मे, मंगळवार. सायंकाळी पाच

गंधमुक्ती झाली. जेवणावळी उठल्या, मंडपवाला बांबू सोडतो आहे. वहिनी मागच्या ओसरीत एकट्या होत्या. मी समोर बसलो. ठरवलेलं काहीच बोललो नाही. फक्त विचारलं, वहिनी, त्या दिवशी दुपारी नानाला काय सांगायचं होतं मला?

त्या म्हणाल्या, काही नही.

मी म्हणालो, तीनदा लावला होता.

त्या म्हणाल्या, हो. जेवून खाटेवर बसले, आन एकदम म्हणे, लीलाधरले फोन लावतो. इचारतो, भुसावळले लाईट हाये का. मी म्हटलं, आपल्याकडे तं हाये, डोक्यावर पंखा चालू राह्यला, तुमाले त्याच्या लाईटीचं काय? तं हसले. म्हणे, मंग चार वर्सानं दुसरं काय इचारू?

मग म्हणाल्या, तीनदा लावला. तिसऱ्यांदा म्हणे, झोपला असंल बिचारा, झोपू दे. आन आडवे झाले.

मी हो म्हणालो. उठून पुढच्या खोलीत आलो आणि हे लिहायला बसलो.

त्या दुपारी भुसावळला लाईट होती. पंखा चालू होता. मी जागा होतो.